नैवेद्याआधीचे पाच मोदक

फत्तेगंज, बडोदे
ता. १७ ऑगस्ट १९७२

प्रिय रमा हिस,
प्रभूमध्ये खूप खूप सलाम.

तू तिकडे पादरा गावी खुशाल असशील, मामांचा दमा आटोक्यात असेल आणि तिथल्या शाळेतल्या मुली शिवणाच्या तासाला तुझं डोकं खात असतील, असं धरून चालते. मी इकडे ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण भूगोलाच्या बाईचं गुडघ्यावाचून काय अडतंय? नकाशा भिंतीवर असतो.

वर्ष होत आलं की गं तुला जाऊन! या वर्षात ना तू मला एक ओळ लिहिलीस, ना मी तुला. शेवटी म्हटलं, कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि वयाने मी मोठी, तेव्हा मीच करते.

बातम्या ढीगभर आहेत. बायकांच्या सभेला नवी बाजाची पेटी आली. नवी म्हणजे आपल्याला नवी, पेटी म्हातारीच आहे. तिचा एक सूर अडकून बसतो. गीत संपलं, सगळ्यांनी डोळे मिटले, पाळकसाहेबांनी आशीर्वादाला हात वर केला, तरी ती आपली एका सुरात रडतेच आहे. परवा मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तर शेजारच्या बेनना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग तर माझी धडगतच राहिली नाही.

तू अर्धवट सोडून गेलेला वेदीवरचा रुमाल माझ्या कपाटात आहे. द्राक्षांचे दोन घड भरून झालेत, तिसऱ्याची नुसती पेन्सिलीची रेघ आहे. दोघीतिघींनी तो पुरा करायला मागितला. मी कुणाला दिला नाही.

आणि आता खरी बातमी. माझा भाऊ शरच्चंद्र, नागरवाड्यातला, ज्याने नऊ वर्षं माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं, तो काल सकाळी स्वतः स्कूटरवरून माझ्या दारात! आत आला नाही. इंजिन चालू ठेवूनच ओरडला, "मंदे, पुढच्या महिन्यात अकरा तारखेला ये. सकाळपासून ये, पाहुण्यासारखी जेवायच्या वेळेला टपकू नको. आई रोज विचारते. चल, आवजो!" आणि गेला. सगळी गल्ली गॅलरीत आली होती. मी दिवसभर उगाचच घर झाडत होते, इतका आनंद झाला होता. घरातला एक छोटासा समारंभ आहे, बाकी काही नाही.

तू इतकी अचानक का गेलीस, ते मी कधी विचारलं नाही. मामांची तब्येत हेच कारण असणार. बरोबर ना?

पत्र पाठव. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
मंदाताई


फत्तेगंज, बडोदे
मंगळवार, ता. १२ सप्टेंबर १९७२

प्रिय रमा,
सलाम.

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ लिही म्हटलं होतं, तर तू खरोखर एकच लिहिलीस: "ताई, गेल्या वर्षी गणपतीच्या दिवशी नागरवाड्यात पानावर बसून मोदक खात होत्या, त्या तुम्हीच ना?" खाली सहीसुद्धा नाही.

हो. मीच.

एवढं लिहायला मला अठरा दिवस लागले. कार्ड भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं होतं, आणि सातवीचा वर्ग घेताना दर वेळी ते नेमकं गंगेच्या खोऱ्यात उघडायचं. पण आज हात थांबत नाहीये, कारण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चहा गोड लागणार नाही! आमच्या शाळेचे कारकून सुभानराव रोज पादऱ्याहून येतात, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि एक पितळी डबा पाठवते आहे. डबा आधी उघडू नकोस. उघडलास? वाटलंच मला. बरं, झाकण लाव आणि आधी वाच.

मला पहिल्यापासून सांगू दे. तुला माझी एक गोष्ट पाठ आहे. मी बासष्ट साली बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध होतं. नागरवाड्याच्या घरात सगळे नातेवाईक जमले होते, आणि मी भर पंगतीत पान बाजूला सारून उठले. "मी हे खाणार नाही. मी आता येशूची आहे." ही गोष्ट मी बायकांच्या सभेत किती वेळा सांगितली असेल! "पान बाजूला सारलं" इथे आले की मी जरा थांबायची आणि तुमच्या तोंडांकडे बघायची. तू पहिल्या रांगेत बसायचीस. तुझे डोळे भरून यायचे आणि मला फार बरं वाटायचं.

त्या गोष्टीत मी एक भाग कधी सांगितला नाही. पान सारताना वरणाची वाटी कलंडली आणि वाढायला वाकलेल्या आईच्या पातळावर सांडली. आई सोवळ्यात होती. श्राद्धाचा स्वयंपाक अर्ध्यावर सोडून तिला पुन्हा आंघोळ करावी लागली आणि ओल्या केसांनी तिने उरलेल्यांना वाढलं. मला ती एक शब्द बोलली नाही. दादा, म्हणजे शरच्चंद्र, बोलला. मग नऊ वर्षं तोही बोलला नाही.

त्या नऊ वर्षांत मी थोडी शहाणी झाले. आपल्या पाळकसाहेबांकडून हळूहळू कळत गेलं की पानात काय वाढलंय यावरून देव माणसाला जवळ करत नाही आणि लांबही लोटत नाही. प्रेमाने कुणी बोलावलं तर जावं, वाढलेलं आभार मानून खावं. मला त्याची मोकळीक आहे. माझ्या जिवावरचा दगड उतरला, रमा! मग गेल्या वर्षी दादाचं पहिलं बोलावणं आलं, गणपतीचं, तेव्हा मी नाचतच गेले. आईने समोर बसून वाढलं. मी सात मोदक खाल्ले. वर तूप. दादा मोजत होता, "मंदे, आमच्या गणपतीलाही काही ठेवशील की नाही?" आणि आम्ही सगळे हसलो. नऊ वर्षांनी त्या घरात माझं हसणं ऐकू आलं.

पण ही नवी गोष्ट मी सभेत कधी सांगितली नाही. तिथे मी जुनीच सांगत राहिले. तिच्यात मी शूर दिसत होते ना!

आणि त्याच दिवशी सकाळी तू तुझ्या घरी आरतीला उभी राहिली नाहीस. प्रसादाची वाटी पुढे आली तेव्हा तू ती हाताने मागे सारलीस.

हे मला तीन दिवसांनी कळलं. तू शाळेत शिवण शिकवायला आली नाहीस म्हणून मी तुमच्या घरी गेले. दत्ताजीराव दारातच उभे होते. तुझ्या वडिलांचा आवाज मोठा आहे असं तू म्हणायचीस, पण ते इतकं हळू बोलले की मला पुढे व्हावं लागलं. "रमा मामाकडे गेली. पान बाजूला सारणाऱ्या बाई त्या तुम्हीच का? तिने तुमचंच नाव घेतलं हो. आमच्या घरात सगळ्यांसमोर तुमचंच नाव घेतलं." "येते" म्हटलं आणि चालू लागले.

घरी आल्यावर शेजारच्या बेन म्हणाल्या की गणपतीच्या दिवशी दुपारी तू आली होतीस. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही. त्यांनी तुला सांगितलं, "मंदाबेन तो नागरवाडा गयां छे." तेव्हा तू तिकडे चालत आलीस.

मी पाळकसाहेबांकडे गेले. वाटलं होतं ते माझी बाजू घेतील. मोकळीक त्यांनीच तर शिकवली होती. ते आपल्या गुजराती-मराठीत म्हणाले, "मंदाबेन, खाल्लं त्यात कंई खोटं नाही. आपलं पाहून कोण चालतंय ते जोयलं नाही, पाहिलं नाही, ते खोटं." मग त्यांनी विचारलं, "रमाला लिहिलं?" मी म्हटलं, लिहिते. ते लिहायला अकरा महिने लागले, आणि लिहिलं काय, तर बाजाच्या पेटीचं!

मात्र एक गोष्ट मी तेव्हाच ठरवली होती. तुझं मन निवेपर्यंत नैवेद्याचं काही खायचं नाही. ते खाणं पाप आहे असं मला आजही वाटत नाही. पण मी ते खाल्लं आणि तुझ्या पायाखालची जमीन सरकली. तुला वाटलं असेल, ताई इतक्या मजेत खातात, तर मी माझ्या बापाचं मन कशासाठी मोडलं? मोकळीक माझी आहे ना, मग ती काही दिवस घडी घालून कपाटात ठेवायलाही मी मोकळी आहे. तुझ्या रुमालाशेजारी ठेवली.

ठरवणं सोपं होतं गं. यंदाचं बोलावणं आलं आणि घाम फुटला. जेवायला बसून नाही म्हणायचं? म्हणजे पुन्हा तेच श्राद्ध. जायचंच नाही? आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, किती गणपती बघणार आहे ती? आणि दादा पुन्हा नऊ वर्षं रुसला तर मी सत्तावन्न वर्षांची होईन. शेवटी म्हटलं, या खेपेला निदान आधी सांगू. पंगतीत नको.

एक तारखेला संध्याकाळी गेले. दादा झोपाळ्यावर पेपर वाचत होता, विमलवहिनी वाटाणे सोलत होत्या, आई जमिनीवर बसून कापसाच्या वाती वळत होती. मी एका दमात सांगितलं, "अकराला मी येणार, सकाळपासून येणार, नारळ खवणार, भांडी घासणार, पण नैवेद्याचं जेवण जेवणार नाही. रागावू नका."

झोपाळा थांबला.

"पुन्हा तेच?" दादा म्हणाला. "अगं, गेल्या वर्षी सात खाल्लेस ने! मी मोजले. तुझा देव काय दर साली कायदा बदलतो?"

"कायदा नाही रे. मला मोकळीक आहे."

"मग खा ने! मोकळीक आहे तर खा!"

"आहे म्हणूनच नको म्हणते."

"हे काय कोडं घालतेस? सरळ सांग, की आमचं घर तुला अजून विटाळतं."

हे मला लागलं. रडू आलं, पण या वेळी उठून निघाले नाही. तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांना तुझी गोष्ट सांगितली. तुझं नाव सांगितलं, रागावू नकोस. माझी पान सारण्याची फुशारकी, ती ऐकून तू सारलेली वाटी, दत्ताजीराव, तुझे अनवाणी पाय, सगळं सांगितलं. दादाला म्हटलं, "तुझ्या घरचं अन्न मला विटाळत नाही. त्या पोरीचं माझ्यामुळे घर सुटलं. मी इथे बसून पुन्हा मोदक खाल्ले, तर तिच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

दादाने पेपर पुन्हा उघडला. तो उलटा होता, पण कुणी हसलं नाही.

आईने तेवढ्यात एकच विचारलं. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, आम्हाला वाटलं तिने अर्धं ऐकलंच नाही. ती म्हणाली, "त्या मुलीला मोदक आवडतात का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, आई."

"विचारायचंस ने," म्हणाली आणि वाती वळत राहिली.

आता काल! आता नीट बस.

मी आठलाच पोचले. दादाने दार उघडलं, "ये" म्हणाला, आणि पाटावर मूर्ती सरळ बसली की नाही ते बघायला पाठ फिरवली. तोंड एवढं फुगलेलं, की मूर्तीशेजारी बसवला असता तर लोकांनी त्यालाही दूर्वा वाहिल्या असत्या. मी नारळ खवले. पाच. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. आई सोवळ्यात असली की सोवळं न नेसलेल्यांनी आत जायचं नाही. मी तर नाहीच नाही.

तुमच्या घरीही असेल, पण आमच्या आईचं सोवळं म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. नैवेद्य दाखवून होईपर्यंत त्या स्वयंपाकातलं शीतसुद्धा कुणाला मिळत नाही. चव घेत नाही, वास घेऊ देत नाही. लहानपणी मला एकदा ताप होता, मी सारणासाठी रडून रडून आकांत केला होता, आप्पा मध्ये पडले होते. तिने आप्पांनाही ऐकलं नाही. "आधी त्याचं, मग आपलं." हा नियम तिने मोडलेला मी आजवर पाहिलेला नाही.

साडेअकराला पहिलं मोदकपात्र उतरलं. आतून वाफ आली, मी डोळे मिटून घेतले. मोह झाला, खोटं कशाला बोलू? वहिनी केळीचं पान मांडत होत्या, एकवीस मोदक मोजून ठेवायला. डोळे उघडले तर आईच्या हातात आप्पांचा डबा! आप्पा गायकवाडी अमदानीत जमाबंदी खात्यात होते, हा डबा घेऊन ते रोज कचेरीत जायचे. ते गेल्यापासून तो कुणी वापरला नव्हता. आईने तो घासून लखलखीत केला होता. पात्रातून तिने एकेक करून पाच मोदक उचलले, डब्यात ठेवले, वर तूप सोडलं, झाकण लावलं, आणि कमरेवर हात ठेवत ठेवत उंबऱ्यापर्यंत आली.

डबा तिने उंबऱ्यावरून माझ्याकडे सरकवला.

"घे. हे कुणालाच दाखवलेले नाहीत. त्यालाही नाही. हे नुसते तांदूळ आणि नारळ आहेत. खा."

वहिनींच्या हातातलं पान खाली पडलं. "आई! नैवेद्य व्हायचाय अजून!"

दादा पूजेचं ताम्हन घेऊन धावत आला. "काय झालं? आई, हे काय केलंस?"

रमा, माझी आई जन्मात दादाला उलटून बोललेली नाही. काल बोलली. म्हणाली, "अरे, साठ वर्षं मी त्याला पहिला वाढते आहे. आज तो दहा मिनिटं थांबेल. तो घरचा आहे, त्याला कळतं. हिला मात्र दर वर्षी बोलवावं लागतं."

"पण तुझा नियम..."

"माझाच ने? मग मी मोडला. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे, मी बघून घेईन."

दादा ताम्हन घेऊन तसाच उभा. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. इतकी वर्षं मोकळीक, मोकळीक म्हणून मी प्रवचनं ऐकली, स्वतःही दिली. आणि ती वापरायची कशी, हे मला आईने दाखवलं, जिने तो शब्द कधी उच्चारला नाही. तिचं मन नियमातच रमतं. तरी तिने मोदक वेगळे काढले, कारण मी उपाशी उठायला नको आणि तुला माझ्यामुळे पुन्हा लागायला नको. तुला तर तिने बघितलेलंही नाही!

मी पहिला मोदक फोडला. तोंड भाजलं. आई उंबऱ्याच्या आत बसून बघत होती.

तीन खाल्ले. चौथ्याला हात घातला तर तिने झाकणावर टकटक केलं. "बस. दोन तिचे आहेत. त्या पादरा गावच्या मुलीचे." मी म्हटलं, "आई, ती खाईल की नाही कुणास ठाऊक." तर म्हणाली, "न खाल्ले तर न खाल्ले. तिच्यासाठी काढलेत एवढं तिला कळू दे."

मग आरती झाली. मी नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत बसले. पंगत बसली तेव्हा माझ्यापुढे वहिनींनी वेगळा केलेला साधा वरणभात होता. बसताना दादाने आपला पाट उचलला आणि माझ्या पाटाला खेटून टाकला. हात धुताना म्हणाला, "पुढच्या साली काय नवीन निघणार असेल ते आधी कार्डावर कळव. आईला डबे घासायला वेळ लागतो." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला! सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या बाईने पन्नाशीच्या भावाला! वहिनी हसून हसून खाली बसल्या.

म्हणजे बघ, मी एक तारखेला घाबरून गेले होते की तुला सांभाळलं तर घर जाईल. घर गेलं नाही. उलट पाट जवळ आला.

मोदक कालचे आहेत, संध्याकाळी मिळतील तेव्हा थोडी वाफ दे, मऊ होतील. खायचे की नाही ते तू ठरव, मी काही सांगणार नाही. आजवर तुला फार सांगितलं. ताई खातात म्हणून खाऊ नकोस, आणि ताईंनी एके काळी पान सारलं म्हणून सारूही नकोस. येत्या सभेत मी ती गोष्ट सांगणार आहे, पण या वेळी वरणाच्या वाटीसकट आणि सात मोदकांसकट.

इथे पत्र संपवणार होते. सुभानराव पाचला निघतात, साडेचार वाजलेत. पण तू कार्डावर विचारलंस त्याचं उत्तर अजून पुरं झालेलं नाही.

तुला वाटत असेल की त्या दिवशी तू दारातून आलीस तशी गेलीस, आणि मला काही कळलं नाही. पाळकसाहेबांनाही मी तसंच सांगितलं. शेजारच्या बेनकडून कळलं म्हटलं. दादाला, आईला, काल इतकं झालं तरी, तसंच सांगितलं.

मी तुला पाहिलं होतं, रमा.

नागरवाड्याच्या घराचं दार पंगतीच्या अगदी समोर आहे. माझा पाचवा मोदक होता. मी मान वर केली तर तू उंबऱ्यापाशी, हिरवं पातळ, पायांना धूळ, आणि माझ्याकडे बघत होतीस. एका क्षणात मला सगळं समजलं. तुला आत घ्यावं तर दादा विचारणार, कोण ही? का रडते? मग प्रसाद, मग धर्म, मग पुन्हा तोच तमाशा. नऊ वर्षांनी आईने वाढलेलं पान होतं. मी मान खाली घातली. तूप बोटावर घेतलं आणि वहिनींना काहीतरी विनोद सांगितला. पुन्हा वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं. त्यानंतर मी आणखी दोन मोदक खाल्ले, कारण थांबले असते तर कुणीतरी विचारलं असतं.

खाल्ल्याचं मला काही वाटत नाही. मान खाली घातल्याचं वाटतं. एक वर्ष रोज वाटलं. मला क्षमा कर. करता येत नसेल तर सध्या नको करू, पण हे तुझ्याकडे आता असू दे. माझ्याकडे फार दिवस राहिलं.

डबा परत पाठवू नकोस. आप्पांचा आहे, आई विचारणार, म्हणून तो मी स्वतः न्यायला येईन. येत्या रविवारी, उपासना झाल्यावर, बाराच्या बसने. रुमाल आणि रंगीत दोरे बरोबर आणते. तिसरा घड भरावासा वाटला तर भर, नाहीतर पेन्सिलीची रेघही वेदीवर चांगली दिसेल. मामांचं घर सुभानरावांनी सांगितलंय. मी दारात येऊन उभी राहीन. तू मला पाहशील. वाटलं तर मान खाली घाल, तुला तो हक्क आहे. मी मात्र तुझ्यासारखी निघून जाणार नाही. गुडघा दुखेपर्यंत उभी राहीन, आणि दुखला की उंबऱ्याबाहेर बसेन. तिथे बसायची मला सवय आहे.

तुला पाहूनही न पाहिलेली, आणि रविवारी तुझ्या दारात असणारी,
मंदा